स्वायत्त शस्त्रांवर चर्चा करणाऱ्यांना खुलं पत्र: माणसाला नाही म्हणायला वेळ ठेवा

प्रति,
घातक स्वायत्त शस्त्रांच्या प्रश्नावर जिनिव्हा आणि न्यूयॉर्क इथे चर्चेला बसणारे सर्व देशांचे प्रतिनिधी, आणि त्यांचे लष्करी, तांत्रिक व कायदेविषयक सल्लागार

नमस्कार.

मी कुठल्या परराष्ट्र खात्यात नाही, सैन्यात नाही, कुठल्या संस्थेची पदाधिकारी पण नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंग हे माझं काम आहे, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे कुठे चुकू शकतं ते शोधत बसायचं. तुमच्या चर्चांची कागदपत्रं, देशांची निवेदनं, ठरावांचे मसुदे यातलं बरंचसं संयुक्त राष्ट्रांच्या साइटवर कोणालाही वाचता येतं आणि मी ते बरीच वर्षं वाचत आलेय. वाचता वाचता एक गोष्ट डोक्यात इतकी पक्की बसलीये की ती तुम्हाला उघडपणे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ती अशी. स्वायत्त शस्त्रांवर, म्हणजे लक्ष्य स्वतःच निवडून हल्ला करणाऱ्या यंत्रांवर, माणसाचं नियंत्रण राहिलं पाहिजे असं तुमच्यातले जवळजवळ सगळेच देश या ना त्या शब्दात म्हणतात. पण स्क्रीनसमोर माणूस बसलेला असणं म्हणजे नियंत्रण नाही हो. त्या माणसाला थांबून विचार करायला वेळ मिळतो का, समोर नेमकं काय आहे ते त्याला दिसतं का, आणि त्याने नाही म्हटलं तर ते नाही चालतं का, यावर सगळं आहे. आणि यातला वेळ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यंत्र आणण्यामागचं कारणच मुळी वेळ वाचवणं हे असतं, म्हणजे पहिला बळी वेळेचाच जातो.

1983 ची 26 सप्टेंबरची रात्र तुमच्यातल्या बहुतेकांना माहिती असेल, पण ती परत एकदा नीट बघूया. अमेरिकेच्या क्षेपणास्त्रांवर उपग्रहातून नजर ठेवणाऱ्या, मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-15 या बंकरमध्ये सोव्हिएत लष्कराचे लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव ड्युटीवर होते. मध्यरात्रीनंतर सायरन वाजला आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनवर लाल अक्षरात लिहून आलं की अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलंय, मग दुसरं, असं करत एकूण पाच. यंत्रणा स्वतःच सांगत होती की माहितीची विश्वासार्हता सर्वोच्च पातळीची आहे. त्याच महिन्याच्या 1 तारखेला सोव्हिएत विमानाने दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, 269 माणसं गेली होती, दोन्ही देश एकमेकांवर कमालीचे चिडलेले होते. अशा वेळी पेत्रोव यांनी काय केलं, तर अलार्म खोटा आहे असं वर कळवलं. का, तर खरा हल्ला करायचा असता तर कोणी पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, यंत्रणा नवीन आहे, आणि जमिनीवरच्या रडारवर तर काहीच दिसत नाहीये. नंतर कळलं की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाने क्षेपणास्त्राचा जाळ समजून घेतला होता.

या गोष्टीत लोक पेत्रोव यांचं धाडस बघतात आणि ते होतंच, पण टेस्टर म्हणून मला त्यात दुसरं काहीतरी दिसतं. त्यांच्याकडे यंत्राच्या बाहेरची माहिती होती, म्हणजे जमिनीवरचं रडार. त्यांना यंत्र कसं बनलंय आणि किती कच्चं आहे हे माहिती होतं. आणि मिनिटं का होईना पण काही मिनिटं त्यांच्या हातात होती. यातलं एक जरी काढून घेतलं असतं तर तोच माणूस, तेवढाच धीट, तेवढाच हुशार, वेगळा निरोप देऊन बसला असता. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की त्यांना खात्री नव्हती. म्हणजे त्या रात्री कामाला आली ती शंका होती, आणि शंका घ्यायला थोडा वेळ लागतो.

आता याच्या उलटं उदाहरण. 23 मार्च 2003, इराक युद्धाचे पहिले दिवस. ब्रिटिश हवाई दलाचं एक टोर्नेडो विमान मोहीम आटोपून कुवेतकडे परत येत होतं. अमेरिकेच्या पॅट्रिअट या हवाई संरक्षण यंत्रणेने त्याला आपलं रडार उडवायला येणारं शत्रूचं क्षेपणास्त्र समजलं, कारण त्याचा मार्ग तशा व्याख्येत बसत होता. विमानाची आपण मित्र आहोत हे सांगणारी ओळख यंत्रणा पण त्या वेळी चालत नव्हती. समोर माणसं बसलेली होती, प्रशिक्षित माणसं. ब्रिटनच्या चौकशी मंडळाच्या अहवालात आहे की त्यांच्याकडे निर्णय घ्यायला साधारण एक मिनिट होतं, त्यांना लवकर प्रतिक्रिया द्या आणि यंत्रणेवर विश्वास ठेवा असंच शिकवलेलं होतं, खोटा अलार्म कसा ओळखायचा यावर भर नव्हता. त्यांनी क्षेपणास्त्र सोडलं. विमानातले दोघंही आपल्याच मित्रदेशाच्या हातून गेले. आणि त्याच अहवालात पुढे असंही आहे की थोडं थांबले असते तर विमानाची दिशा बदलली असती आणि यंत्रणेने बहुधा आपलं वर्गीकरण बदललं असतं. थोडं थांबले असते तर. दहाच दिवसांनी, 2 एप्रिलला, पॅट्रिअटनेच अमेरिकेच्या नौदलाचं एक एफ-18 विमान पाडलं, त्यातला वैमानिकही गेला.

दोन्ही ठिकाणी माणूस होता. तुमच्या कागदपत्रांच्या भाषेत दोन्ही ठिकाणी मानवी नियंत्रण होतं. मग फरक कशाचा पडला? माझं म्हणणं एवढंच आहे की हा फरक करारात लिहून काढता येतो आणि तुम्ही तो लिहीत नाही आहात.

आता कोणीतरी म्हणेल, आणि तुमच्या बैठकांमध्ये काही देश म्हणतातही, की माणूस तरी कुठे बरोबर असतो. अगदी खरं. 3 जुलै 1988 ला अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराण एअरचं 655 क्रमांकाचं प्रवासी विमान पाडलं, 290 माणसं मेली. त्यात नौकेवरच्या एजिस या रडार आणि शस्त्र यंत्रणेचा डेटा सांगत होता की विमान वर चढतंय, आणि ताणाखाली बसलेल्या माणसांनी कॅप्टनला सांगितलं की ते खाली येतंय, आपल्यावर झेपावतंय. म्हणजे यंत्र बरोबर आणि माणूस चूक. हे उदाहरण मी मुद्दाम घेतेय कारण ते माझ्या बाजूचं नाही, आणि जो कोणी माणूस नेहमीच शहाणा असतो असं गृहीत धरून नियम लिहील त्याचा नियम पहिल्याच संकटात मोडेल. पण त्यानंतर काय झालं तेही बघा. कॅप्टन कोण होता ते जगाला माहिती होतं, चौकशी झाली, इराणने 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि 1996 मध्ये अमेरिकेने मृतांच्या कुटुंबांसाठी 6 कोटी 18 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. न्याय झाला असं मी म्हणणार नाही, गेलेल्यांच्या घरच्यांना तर तसं बिलकुल वाटत नसणार, पण विचारायला कोणीतरी होतं. उद्या हीच चूक एखाद्या एआय मॉडेलने, म्हणजे डेटावरून शिकलेल्या सॉफ्टवेअरने केली आणि कुठल्याच माणसाने ते विशिष्ट लक्ष्य निवडलेलं नसलं तर कुणाला विचारायचं, ज्याने सोडलं त्याला, ज्याने बनवलं त्याला, की ज्याने ट्रेनिंगचा डेटा गोळा केला त्याला? तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि तिघांचंही थोडं थोडं खरं असेल.

आणि ही उद्याची गोष्ट राहिलेली नाही. लिबियाबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ञ मंडळाचा 2021 च्या मार्चमधला अहवाल तुम्ही वाचलाच असेल. त्यात 2020 मधल्या लढाईत कार्गू-2 या ड्रोनसारखी घिरट्या घालणारी शस्त्रं वापरली गेल्याचं आहे, आणि चालवणाऱ्याशी संपर्क नसला तरी हल्ला करता येईल अशी ती प्रोग्रॅम केलेली होती असंही आहे. पण प्रत्यक्षात कुठल्या एका लक्ष्यावर यंत्राने स्वतःहून झडप घातली की माणसाने बटण दाबलं, हे त्या अहवालातून कळत नाही. बनवणारी कंपनी म्हणते माणूस लागतोच. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर बाहेरच्या कोणालाच खात्रीने देता येत नाही, कारण तपासता येईल अशी नोंद कोणाच्या समोर ठेवलेली नाही. माझ्या धंद्यात ज्या सिस्टीमचा लॉग, म्हणजे कामाची नोंद, नाही त्या सिस्टीमबद्दल कुणीही छातीठोकपणे काही बोलू शकत नाही, आणि तुम्ही मात्र अशाच सिस्टीमबद्दल एकमेकांना शब्द देताय.

गाझातल्या युद्धाबद्दल 2024 च्या एप्रिलमध्ये आलेल्या बातम्याही इथे आणाव्याच लागतील. काही इस्रायली गुप्तचर अधिकाऱ्यांनी नाव न सांगता पत्रकारांना सांगितलं की लॅव्हेंडर नावाची यंत्रणा माणसांची यादी काढून द्यायची आणि त्या यादीतल्या एकेका नावाला मंजुरी द्यायला ते साधारण 20 सेकंद द्यायचे. इस्रायलच्या लष्कराने हे नाकारलं, त्यांचं म्हणणं की ती फक्त वेगवेगळी माहिती जुळवून बघायची व्यवस्था आहे आणि निर्णय माणूसच तपासून घेतो. कोण खरं ते या पत्रात ठरणार नाही. पण एक विचारते, आज तुमच्या कुठल्या नियमात 20 सेकंद पुरेसे नाहीत असं लिहिलंय? कुठेच नाही. माणसाने मंजुरी दिली, संपलं.

लोक दिवसभर कॉम्प्युटरवर धोक्याच्या सूचना न वाचता ओके दाबत असतात, हे मी कामात सतत बघते, आणि ती माणसं आळशी नसतात, यंत्र शंभरदा बरोबर निघालेलं असतं म्हणून एकशे एकाव्या वेळी कोणी वाचत नाही. यंत्र जितकं चांगलं होत जाईल तितकी माणसाची तपासणी ढिली होत जाते. त्यामुळे अचूकता वाढली की प्रश्न सुटेल असं जे तुमचे तांत्रिक सल्लागार सांगतात त्यांना हे जरूर विचारा.

अचूकतेबद्दलही थोडं बोलू द्या, कारण इथे माझा रोजचा संबंध येतो. 2017 मध्ये एमआयटीतल्या काही विद्यार्थ्यांनी थ्रीडी प्रिंटरवर एक खेळण्यातलं कासव बनवलं आणि त्याच्या अंगावरच्या नक्षीत असा काही बदल केला की चित्र ओळखणाऱ्या त्या वेळच्या एका चांगल्या मॉडेलला ते जवळजवळ सगळ्या बाजूंनी रायफल दिसायला लागलं. माणसाच्या डोळ्याला ते कासवच. तेव्हापासून मॉडेल खूप सुधारलीत हे मान्य, पण त्यामागची अडचण गेलेली नाही. मॉडेल कासव किंवा रायफल समजून घेत नाही, ते आधी दाखवलेल्या चित्रांशी ताळमेळ बघतं, आणि जे दाखवलंच नव्हतं ते समोर आलं की काय करेल हे बनवणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. टेस्ट रेंजवर 99 टक्के हा आकडा टेस्ट रेंजचा असतो. युद्धभूमीवर धूर असतो, पाऊस असतो, पळणारी माणसं असतात, खांद्यावर आजारी माणसाला घेऊन चाललेला कोणीतरी असतो, हातात फावडं असलेला शेतकरी असतो, आणि समोरचा शत्रू मुद्दाम तुमच्या सेन्सरला फसवायला बसलेला असतो, जो मला माझ्या ऑफिसात कधीच भेटत नाही. शरण येणारा माणूस ओळखणं हे तर आणखी अवघड, कारण शरण येणं हे फक्त हात वर करण्यात नसतं, ते सगळ्या प्रसंगावरून कळतं. युद्धाच्या कायद्यात शरण आलेल्याला मारायचं नाही हे किती जुनं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग सैन्यांना ही शस्त्रं हवीतच कशाला, हे समजून न घेता नुसता विरोध करणं मला पटत नाही. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी ड्रोन इतके आले की दोन्ही बाजूंनी जॅमिंग, म्हणजे रेडिओ सिग्नल बंद पाडणं, पण तितकंच वाढलं. रेडिओची लिंक तुटली की ड्रोन आंधळा होतो. त्यावर एक उत्तर निघालं ते म्हणजे ड्रोनमध्येच कॅमेरा आणि मॉडेल बसवायचं, चालवणाऱ्याने लक्ष्यावर लॉक करून दिलं की शेवटचा टप्पा ड्रोन स्वतःच पार करतो. दुसरं उत्तर निघालं ते फायबर ऑप्टिकचं. ड्रोनच्या मागे कित्येक किलोमीटर लांबीची केसासारखी बारीक तार सुटत जाते, ती जॅम होत नाही, आणि चालवणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत चित्र दिसतं आणि मागे वळवता येतं. एकच अडचण, उत्तरं दोन. एक उत्तर माणसाला बाहेर काढतं, दुसरं त्याला आत ठेवतं. त्या तारेने माणसं कमी मेलीत असं मी म्हणत नाही, तीही मारण्यासाठीच आहे आणि युद्ध ते युद्धच. सांगायचं एवढंच की तंत्रज्ञान आपोआप माणसाला हटवायच्या दिशेने वाहत जातं आणि त्यापुढे कोणाचं काही चालत नाही, हे जे चर्चेत वारंवार ऐकू येतं ते खरं नाही. कोणीतरी निवडतं. आणि जिथे निवड आहे तिथे नियम करता येतो.

तुमच्या चर्चेत सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला असेल तर तो व्याख्येवर. 2014 च्या मेमध्ये पहिली अनौपचारिक बैठक झाली, 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी तज्ञांचा अधिकृत गट पहिल्यांदा बसला, 2019 मध्ये 11 मार्गदर्शक तत्त्वं निघाली, आणि अजूनही स्वायत्त म्हणजे काय यावर कागद फिरतायत. व्याख्या लागते हे मी नाकारत नाही. पण तुमच्याच घरात याचं उत्तर आहे. काही पारंपरिक शस्त्रांवर बंधनं घालणाऱ्या ज्या 1980 च्या करारात बसून तुम्ही ही चर्चा करताय, त्याच कराराच्या चौथ्या प्रोटोकॉलने, म्हणजे जोडकराराने, 1995 च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात माणसाला कायमचं आंधळं करणाऱ्या लेझर शस्त्रांवर बंदी घातली. युद्धात ती शस्त्रं सर्रास वापरली जायच्या आधी. आणि त्या प्रोटोकॉलने लेझरवरच बंदी नाही घातली, अंतर मोजायला, नेम धरायला लेझर आजही वापरतात. बंदी घातली ती माणसाच्या डोळ्यांना आंधळं करण्यासाठी खास बनवलेल्या शस्त्रावर. म्हणजे तंत्रज्ञानाची सीमारेषा आखत बसण्यापेक्षा माणसाचं काय होता कामा नये तिथे बोट ठेवलं आणि काम झालं. तेच इथे करा. कुठलं यंत्र किती स्वायत्त हे पुढची वीस वर्षं ठरवत राहा हवं तर, पण माणसाला लक्ष्य म्हणून निवडायचं आणि मारायचं हे दोन्ही यंत्रावर सोडायचं नाही, एवढं आत्ता लिहा. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने 2021 मध्ये जवळपास हेच मांडलंय: माणसांवर वापरायची स्वायत्त शस्त्रं नकोत, ज्यांचा परिणाम आधी सांगता येत नाही ती नकोत, आणि उरलेल्यांना लक्ष्याचा प्रकार, जागा, कालावधी आणि परिस्थिती यांच्या मर्यादा. मी याच्यात फक्त वेळेची अट ठळक करायला सांगतेय.

युद्धनौकेवर अंगावर येणारं क्षेपणास्त्र पाडायला ज्या तोफा असतात, त्या गेली कित्येक दशकं आपोआप चालतात आणि त्यांना माझा विरोध नाही. तिथे माणसाच्या प्रतिक्रियेचा वेग पुरतच नाही आणि समोर येतं तेही यंत्रच असतं. पॅट्रिअटने दाखवलं तसं तिथेही चूक होते, पण ती मर्यादेत ठेवायचे उपाय आहेत. जे यंत्र वस्तीत जाऊन माणसं शोधतं ते वेगळं.

आता अडवणुकीबद्दल. जिनिव्हात सगळं सहमतीने होतं, म्हणजे एका देशाने हात वर केला की बाकीच्यांचं काम थांबतं. 2022 च्या मार्चमध्ये एका देशाच्या हरकतीमुळे गटाची अधिकृत बैठकही नीट होऊ शकली नव्हती, आठवतंय ना? दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 2023 च्या डिसेंबरमध्ये या विषयावरचा ठराव 152 विरुद्ध 4 मतांनी मंजूर झाला आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये 166 विरुद्ध 3 मतांनी. भारताने 2023 मध्ये विरोधात मत दिलं, जिनिव्हातली चर्चा चालू असताना समांतर चर्चा नको असं म्हणून, आणि 2024 मध्ये तटस्थ राहिला. मी भारताची नागरिक आहे आणि मला हे मत पटलेलं नाही. जिनिव्हात सगळे मोठे देश एका टेबलावर असतात हा मुद्दा वजनदार आहे, त्यांच्याशिवाय केलेला करार अर्धा राहतो हेही खरं. पण ज्या टेबलावर दहा-बारा वर्षांत एकही बंधनकारक ओळ लिहिली गेली नाही, त्याच टेबलाची वाट बघा असं किती काळ सांगणार? भूसुरुंगांचं असंच झालं होतं. 1996 मध्ये जिनिव्हात पूर्ण बंदी होईना तेव्हा देश बाहेर पडले आणि 1997 मध्ये भूसुरुंगांवर बंदी घालणारा ओटावाचा करार केला. अमेरिका, रशिया, चीन, भारत त्यात नव्हते आणि तरी त्या कराराने भूसुरुंगांचं उत्पादन आणि व्यापार खूप खाली आणला. हो, 2025 मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी त्यातून बाहेर पडायचा निर्णय घेतला, भीती वाटली की करार सैल होतात हे दिसलंच. पण मला विचाराल तर ते आता घाई करण्याचं कारण आहे, थांबण्याचं नाही, कारण शस्त्र एकदा प्रत्येक सैन्याच्या पेटीत जाऊन बसलं की ते काढायला सांगणं किती अवघड जातं ते आपण बघतोच आहोत.

अण्वस्त्रांचा विषय वेगळा गट बघतो हे मला माहिती आहे, पण एक ओळ लिहिल्याशिवाय राहवत नाही. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये पेरूतल्या लिमात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन आणि चीनचे शी जिनपिंग यांनी अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच हातात राहील असं जाहीरपणे मान्य केलं. चांगलंच झालं. पण तो जाहीर शब्द आहे, करार नाही, आणि बाकी अण्वस्त्रधारी देश त्यात नाहीत. शिवाय बटण माणसाच्या हातात राहिलं आणि त्याच्यासमोरची सगळी माहिती यंत्राने गाळून दिलेली असली, तर जमिनीवरचं वेगळं रडार बघायची पेत्रोव यांना जी सोय होती ती उरते का, याचं उत्तर कोणीतरी द्यायला पाहिजे.

माझ्या मागण्या आता नेमक्या सांगते. करारात असं लिहा की माणसांविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत लक्ष्य मंजूर करणाऱ्याला त्या यंत्रणेपासून स्वतंत्र असा माहितीचा किमान एक स्रोत मिळालाच पाहिजे, आणि तो बघायला पुरेल एवढा वेळ यंत्रणेच्या रचनेतच असला पाहिजे, सैनिकाच्या चांगुलपणावर सोडलेला नको. प्रत्येक निर्णयाची नोंद राहिली पाहिजे: यंत्राने काय सुचवलं, माणसाने काय बघितलं, किती वेळ घेतला, नाही किती वेळा म्हटलं. शेवटचा आकडा फार बोलका असतो, ज्या यंत्रणेला माणूस कधीच नाही म्हणत नाही तिथे माणूस तपासत नाहीये असं मी टेस्टर म्हणून सरळ समजते. ही नोंद लगेच जगजाहीर करा असं नाही म्हणत, युद्धात ते कोणी करणार नाही, पण चौकशीच्या वेळी ती असली पाहिजे आणि नसेल तर त्याची जबाबदारी आदेश देणाऱ्यावर आली पाहिजे. नाही म्हणणाऱ्या सैनिकाला त्याबद्दल शिक्षा होणार नाही हेही लिहा. पेत्रोव यांना नंतर बोलणी खावी लागली होती, त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून.

सॉफ्टवेअर अपडेट झालं की ते नवीन शस्त्र धरा. जिनिव्हा करारांना जोडलेल्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या 36 व्या कलमात नवीन शस्त्राची कायदेशीर तपासणी सांगितलीये, पण ती फार थोडे देश नियमितपणे करतात, आणि जे करतात ते तोफ बघावी तसं एकदा बघतात. मॉडेल तसं नसतं. सोमवारी तपासलेलं मॉडेल शुक्रवारच्या अपडेटनंतर दुसरंच असू शकतं, बाहेरून तेच दिसतं, डबा तोच, नाव तेच. बंदुकीचा घोडा कोणी रात्रीत दुरून बदलू शकत नाही, मॉडेलचं वागणं बदलू शकतो.

नागरी बाजूला नियम झालेत आणि लष्करी बाजू जाणूनबुजून सोडलीये, हेही बघा. युरोपीय संघाचा एआय कायदा 2024 मध्ये लागू झाला, नोकरीसाठी अर्ज गाळणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो जोखमीचं मानून अटी घालतो, पण लष्करी, संरक्षण आणि राष्ट्रीय सुरक्षेसाठीच्या वापराला तो लागूच होत नाही. म्हणजे युरोपपुरतं बोलायचं तर माझा अर्ज नाकारणाऱ्या यंत्रासाठी त्या कायद्यात अटी आहेत, माणूस मारणाऱ्या यंत्रासाठी नाहीत. लष्कराला वगळण्याचं कारण मला समजतं, संरक्षण हा प्रत्येक देश आपल्या हातात ठेवतो. पण मग ती जागा भरायचं काम तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी आणि रेडक्रॉसच्या अध्यक्षांनी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मिळून 2026 पर्यंत करार करा असं आवाहन केलं, आणि तुमच्या गटाची मुदतही 2026 लाच संपते. तोपर्यंत जो मसुदा फिरतोय त्यावर तुमच्या देशाची नेमकी हरकत कुठल्या परिच्छेदाला आहे आणि त्याऐवजी कुठलं वाक्य हवंय, हे प्रत्येक देशाने आपल्या लोकांच्या भाषेत जाहीर करावं, आणि ते आपल्या संसदेत मांडावं, म्हणजे निवडून आलेल्यांना त्यावर प्रश्न विचारता येतील. मी माझ्या खासदारांना या पत्राची प्रत पाठवतेय आणि त्यांना हाच प्रश्न विचारणार आहे. सहमती होत नसेल तर ज्या देशांना करार हवाय त्यांनी 1997 सारखं बाहेर पडून आमसभेत मसुदा मांडावा, मतदानाला टाकावा, आणि जे विरोधात जातील त्यांची कारणं सगळ्यांना वाचता येऊ देत.

तुमच्या उत्तराची मी खरंच वाट बघतेय.

आपली,
एक सॉफ्टवेअर टेस्टर